पडद्यावरचं सुमनचं हृदय

पडद्यावर माझ्या बायकोचं हृदय हळूहळू फिरत होतं. मांडीच्या शिरेतून आत नेलेली बारीक नळी त्याच्या भिंतींना आतून जागोजागी टेकवून डॉक्टरांनी हे रंगीत चित्र तयार केलं होतं.

"जांभळं ते निरोगी, लाल ते मेलेलं," डॉक्टर म्हणाले. "चुकीचे ठोके एकाच जागेतून येत असते, तर ती जागा जाळून टाकली असती. पण हे सगळीकडूनच येताहेत. आता हात लावण्यासारखं काही नाही."

जांभळा रंग फारच थोडा होता. सुमनच्या मनात काय चाललंय, याचा अंदाज बांधण्यातच आमचा संसार गेला. आज तिचं हृदय सगळ्या बाजूंनी दिसलं, आणि नुसतं दिसून काही होत नाही, हेही कळलं.

वॉर्डात ती जागी होती.

"सापडली का हो जागा?" तिने विचारलं.

"सापडली," मी म्हणालो.

"मग झालं तर," म्हणत तिने माझा हात आपल्या छातीवर ठेवून घेतला. हाताखाली ठोके अडखळत होते, मध्येच धावत सुटत होते. तिलाही ते कळतच असणार. तरी माझी समजूत घालावी तशी ती हसली.