सुशीताई आणि अण्णांचे हात

मंडळी, आज सकाळी माझी नऊ वर्षांची नात पुस्तक अर्ध्यातच मिटून रडायला लागली. पुढे काहीतरी वाईट होणार, असं तिला वाटत होतं. मला माझी थोरली बहीण सुशीताई आठवली.

साठच्या दशकात आम्ही बोईसरला राहायचो. आमचे वडील, अण्णा, साताऱ्याकडचे गवंडी. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे ते कामाला जायचे. सुशीताई हाताला लागेल ते वाचायची. एकदा तिने जुन्या मासिकात जपानवर पडलेल्या अणुबॉम्बबद्दल आणि त्याच्या किरणोत्सर्गाने नंतरही आजारी पडत गेलेल्या माणसांबद्दल वाचलं आणि दिवसभर जेवलीच नाही.

संध्याकाळी अण्णा आले. मी नेहमीसारखी त्यांच्याकडे धावले, तर तिने माझा फ्रॉक धरून मला मागे ओढलं.

"अण्णा, आधी हात धुवा."

अण्णा हसले. "अगं, तिथं अजून नुसतं शिमिट हाय."

"तरी धुवा."

त्यांनी साबण लावून हात धुतले आणि तिच्यापुढे धरले. "बघ, काय दिसतंय का?"

"ते दिसत नसतंच, अण्णा."

अण्णांचं हसू मावळलं. त्यांनी मला उचलून घेतलं नाही. तसेच ओल्या हातांनी ते उंबऱ्याबाहेर बसून राहिले.

तुम्ही सुशीताईला काय सांगितलं असतं?