कावळा सुनीतीचं ऐकतो

सुनीती केंकरेला आयुष्यात कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही. ती रांगेच्या टोकाशी जाते, कुणाशी तरी बोलायला लागते, आणि लोक आपणहून तिला पुढे घेतात. हे मी बेळगावच्या कॉन्व्हेंटच्या जेवणघरात पाहिलं, लंडनला हॅरोच्या पोस्ट ऑफिसात पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याच्या दहाव्यालाही पाहिलं.

ती मूळची म्हापशाची. वडिलांचं बाजारात दुकान होतं. तिथे ऑलिव्हचे डबे, साबण आणि लिस्बनहून बोटीने आलेल्या वाइनच्या बाटल्या मिळायच्या. गोवा मुक्त झाला तेव्हा ती पोर्तुगीज शाळेत जात होती. आता मुलीला इंग्रजी यायला हवं, म्हणून वडिलांनी तिला आमच्या बोर्डिंगमध्ये आणून सोडलं. इंग्रजीचं एक वाक्य तिला धड येत नव्हतं, तरी दिवाळीपर्यंत मदर सुपीरियर तिला बागेतले पेरू देऊ लागल्या होत्या. मी तिथे पहिलीपासून होते. मला पेरू मिळाला नाही.

लग्न होऊन मी इंग्लंडला आले. माझे यजमान दिनकर इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. काही वर्षांनी सुनीती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीला लागली. तिला खोली मीच शोधून दिली, आमच्या मागच्याच रस्त्यावर. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या मराठी मंडळात अर्ध्या लोकांना वाटतं की तिनेच मला इकडे आणलं.

तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "वेळच मिळाला नाही गो." वेळ बाकी सगळ्याला मिळाला. लॅबमधल्या आयरिश बायकांबरोबर ती गाणी म्हणायची, कौन्सिलकडे भांडून तिने रस्त्यावर दिवे आणले, आणि मंडळाच्या गणपतीला तिच्या हातच्या पातोळ्या आधी संपायच्या. माझे मोदक डब्यातून परत यायचे.

एके दिवशी एका वाइनच्या दुकानात तिला ओळखीचं नाव दिसलं, बुसेलास. लिस्बनच्या उत्तरेला टेकड्यांमध्ये हे लहानसं गाव आहे. तिथे आरिंतो नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन करतात. जराही गोड नसते. एके काळी इंग्रज लोक ही वाइन आवडीने मागवत, मग विसरले. सुनीतीच्या वडिलांच्या दुकानात हीच बाटली वरच्या फळीवर असायची. दुकानात उभी राहून ती रडली म्हणे. दुकानदाराने तिला पैसे कमी घेऊन बाटली दिली. तिचं हे असं.

आमच्या घरात दारू आणायची नाही, हा माझा नियम होता. तिच्या घरात नियमच नव्हते. शुक्रवारी कामावरून परतताना हे तिच्याकडे बुद्धिबळाचा एक डाव खेळायचे, बुसेलासचा एक ग्लास घ्यायचे आणि वेलदोडा चघळत आमच्या दारात उभे राहायचे. त्या डावांबद्दल वाईट काही मनात आलं नाही, पण चांगलंही कधी आलं नाही. श्रीखंडात मी अजून वेलदोडा घालत नाही, जायफळ घालते.

हे गेले, त्यांच्या दहाव्याची गोष्ट. विधी आमच्या मागच्या बागेतच केला. गुरुजी म्हणजे कुशल, स्लाऊच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा. शनिवार-रविवारी तो पूजा सांगतो. पिंड बागेतल्या शेडच्या छपरावर ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. शेजारच्या चिमणीवर कावळा बसला होता. तो आमच्याकडे बघत होता आणि हलत नव्हता.

मधेच एक काळापांढरा मॅगपाय आला आणि छपरावर उड्या मारू लागला.

"हा चालेल का?" माझ्या मुलाने, सुयशने विचारलं. "Same family आहे."

"नाही हो, चालणार नाही," कुशल गुरुजी म्हणाले. "डॉक्टरकाकांची काहीतरी इच्छा राहिली असेल. पुढे येऊन शब्द द्या."

सुयश ब्रॅकनेलहून आला होता. इथेच जन्मलेला. तो हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाबा, मी आईचा काळजी घेणार. Promise."

कावळा बसून राहिला.

"बाबा, घर विकणार नाही. कधीच."

कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. मग मी पुढे झाले. म्हटलं, तुमची पुस्तकं सांभाळून ठेवीन. नातीच्या लग्नात तुमच्या आईचा चपलाहार तिलाच घालीन. तुमच्या गुलाबांची छाटणी दर वर्षी वेळेवर करवून घेईन. माहीत होतं तेवढं सगळं म्हटलं. कावळा पंख साफ करत होता.

सुनीती मागे कुंपणाशी उभी होती. ती पुढे आली, माझ्याही पुढे गेली, आणि म्हणाली, "दिनकरराव, तुमच्या शशीला मी बुसेलासला घेऊन जाईन."

कावळा उठला आणि थेट पिंडावर येऊन बसला.

"शिवला! शिवला!" सगळे म्हणाले. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "काकू, काका मोकळे झाले."

हे मोकळे झाले असतील. मी नाही झाले. माझ्या हातचं जेवलेल्या, माझ्या शेजारी निजलेल्या माणसाची शेवटची इच्छा कावळ्याने तिच्या तोंडून ऐकली. ती तिला कशी माहीत? हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायची लाज वाटत होती. विचारणं म्हणजे मला माहीत नव्हतं हे कबूल करणं.

तिने तिकिटांची गोष्ट काढली की मी गुडघ्याचं कारण सांगायचे. गुडघा बदलून झाला तेव्हा कारण संपलं.

"कावळ्याला शब्द दिलाय, शशी," ती म्हणाली. "मी काही अमर नाही."

"शब्द तू दिलास. तू जा."

"तुला न्यायचा दिलाय. एकटी जाऊन काय तिथल्या लोकांना तुझा फोटो दाखवू?"

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो. लिस्बनहून बसने निघालो. बसमध्ये सुनीती ड्रायव्हरशी बोलायला लागली आणि त्याने आम्हाला स्टॉप नसताना उतरवलं. द्राक्षं काढून झाली होती. टेकड्यांवर वेलांची पानं पिवळी पडली होती. एका लहानशा वाइनरीत दोना ग्रासिंदा नावाच्या बाईंनी दार उघडलं. आमच्याच वयाच्या होत्या, हात मातीचे, कमरेला एप्रन. सुनीतीने पोर्तुगीजमध्ये पहिलं वाक्य म्हटलं आणि त्या टाळी वाजवून हसल्या.

"काय म्हणतात?"

"माझं बोलणं त्यांच्या आजीसारखं आहे म्हणे."

पुढे किती तरी वेळ दोघी बोलत राहिल्या. मी लाकडी बाकावर हातात पर्स धरून बसले. 'म्हापसा' कळला, 'पापा' कळलं, मग 'दोतोर दिनकर' कळलं. सुनीतीने छताकडे बोट दाखवून कावळ्याचे पंख हाताने करून दाखवले. दोना ग्रासिंदांचे डोळे भरले. त्यांनी सुनीतीला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, पाठीवरून हात फिरवला. मग एक बाटली उघडून तिला ग्लास काठोकाठ भरून दिला. मला तळाशी थोडीशी ओतली, पाहुण्याला चव दाखवतात तशी.

"सुने, ह्या तुझं सांत्वन का करतायत?"

सुनीती लाल झाली. "त्यांना वाटलं..."

"काय वाटलं?"

"डॉक्टर माझे होते असं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"अगं, त्या रडायला लागल्या. रडणाऱ्या बाईला मध्येच कशी अडवू?"

"तुला बरं वाटत होतं, म्हणून नाही अडवलंस."

तिने हातातला ग्लास खाली ठेवला.

"'माझा नवरा' ह्याला तुझ्या भाषेत काय म्हणतात?"

"मेउ मारीदु."

"परत सांग."

"मेउ मारीदु. शशी, बस ना, मी सांगते त्यांना."

मी उभी राहिले. छातीवर हात ठेवला आणि दोना ग्रासिंदांना सांगितलं, "मेउ मारीदु." ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीने मान हलवली. मग त्या बाईने कपाळाला हात लावला, मला घट्ट धरलं, आणि माझा ग्लासही काठोकाठ भरला.

त्या चीज आणायला आत गेल्यावर मी विचारलं. एवढं झाल्यावर लाज कसली उरली होती?

"ह्यांनी तुला ही इच्छा कधी सांगितली?"

"दर शुक्रवारी. पहिला घोट घेतला की म्हणायचे, शशीला एकदा तिथे नेऊन ही पाजायची आहे. तिथे तिचं घर नाही, म्हणजे तिचा नियमही नाही."

"मग मला का नाही म्हणाले?"

"तू नको म्हटलं असतंस."

"ते मी म्हणायचं होतं ना! माझ्या वतीने 'नको' तू कशी म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? ते म्हणाले."

म्हणजे इच्छा माझ्याबद्दलची होती. एवढ्याने माझं मन भरायला हवं होतं. पण इतके शुक्रवार माझ्याबद्दलची ती गोष्ट ह्यांनी तिला सांगितली आणि मला वेलदोड्याचा वास दिला. मी ग्लास तोंडाला लावला. साखर घालायला विसरलेल्या लिंबाच्या सरबतासारखी चव होती. शिरशिरी आली. सुनीती टेबलावर कोपरं टेकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"खरं सांग. आंबट लागते ना?"

"ह्यांना आवडायची. मला का आंबट लागेल?"

मी ग्लास संपवला. तिचा अजून अर्धा होता. दोना ग्रासिंदा चीज घेऊन बाहेर आल्या, आणि सुनीतीने तोंड उघडायच्या आत मी माझा रिकामा ग्लास त्यांच्यापुढे धरला.