गुणवंताभाऊंनी लाइन पाडली

संत्र्याचा हंगाम लागला की पांढुर्ण्यात आमच्या गल्लीची झोप उडते. गल्लीच्या मधोमध भूपेंद्रशेठचं यार्ड. दिवसभर बगीच्यांतून माल येतो, रात्री दहानंतर ट्रक लागतात आणि तीन वाजेपर्यंत क्रेटांची फेकाफेकी चालते. हमालांच्या शिव्या, मागे सरकणाऱ्या ट्रकची पींपीं आणि या सगळ्यावर मात करणारा स्पीकर. बाकीच्या गल्लीनं उशी कानावर ओढून हे सोसलं. सोसलं नाही ते एकट्या गुणवंता डिगरसेंनी.

गुणवंताभाऊ वीज खात्यातले रिटायर लाइनमन. अंगानं काडी, पण भांडणात तिघांना पुरून उरणारे. मात्र यंदाचं भांडण त्यांचं स्वतःचं नव्हतं, प्रतिभावहिनींसाठी होतं. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, चाळीस दिवस नागपूरच्या दवाखान्यात काढून वहिनी दिवाळीनंतर घरी आल्या होत्या. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखणं उठलं तर लगेच आणा, पुन्हा भरती करू. पण दुखणं काही उठलं नाही. कधीही विचारा, उत्तर एकच, "काही नाही जी, मस्त आहो." फक्त सकाळी डोळे लाल असायचे आणि ओठ सुकलेले.

"या ट्रकवाल्याईनं रातभर झोपू नाही दिलं," वहिनी म्हणायच्या.

भाऊंना एवढं पुरे झालं. नगरपालिकेत अर्ज, कलेक्टर साहेबांकडे अर्ज, ठाण्यात फोन. पोलीस आले की स्पीकर बंद, गेले की चालू. समोरचा मोतीराम दात कोरत विचारायचा, "भाऊ, तुमी दिवसभर अर्ज लिहून राहिले, शेठ रातभर ट्रक भरून राहिला. आधी थकन कोन?"

वहिनी मात्र अर्ज लिहू देत नव्हत्या. "अहो हर्षलचे बाबा, राहू द्या ना. हातावर पोट हाये त्याईचं."

जिची झोप जाते तीच त्यांची वकिली करते, म्हणून भाऊ तिच्या पाठीमागे आणखी एक अर्ज लिहायचे. मागच्या खोलीत झोप म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. त्यांना यार्डाकडची खिडकीच हवी. उलट मागच्या खोलीत रवानगी झाली ती भाऊंची, घोरतात म्हणून. "बाहेर चार ट्रक हायेत, घरात पाचवा नको," असं वहिनींनी सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, आणि आठ दिवस गल्लीत भाऊंचं नाव 'पाचवा ट्रक' होतं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री पाचव्या ट्रकचं डोकं फिरलं. साडेबारा वाजले होते. माळ्यावरचा नोकरीतला लांब दांडा काढून भाऊ मागच्या दारानं कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेले. तीस वर्षं केलेलं काम. तिन्ही फ्यूज खाली ओढले आणि अख्खी गल्ली अंधारात बुडाली.

स्पीकर मेला. घराघरांतले पंखे थांबले. "लाइन गेली बे," असं म्हणत हमाल क्रेटांवर बसले, कुणी बिडी पेटवली. भाऊ मिशीत हसत घराकडे निघाले. आता झोपंल बिचारी.

खिडकीखाली आले आणि पाय थांबले. आतून कुणीतरी कन्हत होतं. आधी बारीक, मग दातात कापड धरल्यासारखं, मग ते कापडही सुटल्यासारखं. "माय वं... माय वं..." चाळीस वर्षांच्या संसारात भाऊंनी प्रतिभाचा असा आवाज ऐकला नव्हता. हर्षलच्या बाळंतपणातसुद्धा नाही.

मग आवाज एकदम तुटला. बाहेर शांत झालंय हे आतही कळलं होतं. खिडकीमागे नुसता श्वास कोंडून धरलेला, आणि भिंतीच्या अलीकडे भाऊंनीही कोंडलेला.

ट्रक तिची झोप खात नव्हते. ट्रकांच्या आड ती रोज रात्री मोकळी होत होती, नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून, पुन्हा नागपूरला नेऊ नये म्हणून. आणि आडोसा गेल्यावर ती चादर तोंडात कोंबून पडली होती.

भाऊ जवळजवळ धावतच परतले. तिसरा फ्यूज चार वेळा हुकला. लाइन आली, स्पीकर किंचाळला, क्रेट आपटायला लागले. भाऊ पहाटेपर्यंत दाराच्या पायरीवर बसून राहिले.

"ट्रकवाल्याईनं आजही झोपू नाही दिलं," सकाळी वहिनी म्हणाल्या.

"बदमाश हायेत लेकाचे," भाऊ म्हणाले आणि चहाकडे बघत बसले.

पेन्शनचं काम सांगून ते एकटेच फाइल घेऊन नागपूरला गेले. डॉक्टरांनी कागद चाळून हळू आवाजात सांगितलं, आता आणून उपयोग नाही, घरीच राहू द्या. दुखणं मारायच्या गोळ्या मिळाल्या, त्या भाऊंनी ताकदीच्या म्हणून दिल्या. गोळ्यांचा जोर मध्यरात्रीपर्यंत टिकायचा.

ठाण्यातली तक्रारही त्यांनी मागे घेतली. गल्लीला आयतं खाद्य मिळालं. "शेठनं पेटी पोचवली वाटते," मोतीरामनं चारचौघांत विचारलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. नेहमीचे भाऊ असते तर मोतीरामच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. त्या दिवशी नुसते म्हणाले, "हो, दोन पोचवल्या."

एप्रिल उजाडला, माल संपला. यार्डाला कुलूप लागलं आणि गल्ली इतकी शांत झाली की रात्री टाचणी पडली तरी ऐकू यावी. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी भंगारातून लोखंडी कूलर आणून वहिनींच्या खिडकीत बसवला. तो सुरू झाला की पत्रा असा थडथडायचा की जणू कुणी रात्रभर डबे बडवतंय. गावभरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस आपल्या घरचा कूलर दुरुस्त करीना. आता गल्लीनं अर्ज लिहायचा विचार केला. मोतीराम तर पाना घेऊनच गेला. भाऊंनी त्याला दारातूनच परतवलं. "राहू दे, मोतीराम. हात जोडतो." मोतीराम पाना खिशात घालून परत गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास वहिनींनी मागच्या खोलीकडे हाक मारली. भाऊ धावत आले.

"अहो," त्या म्हणाल्या, "बंद करा तो कूलर."

"गरम होईन."

"होऊ द्या." थोडा वेळ दम घेऊन म्हणाल्या, "लाइन तुमीच पाडली होती ना त्या दिवशी? मले तवाच समजलं. आता नाही लपवल्या जात. इथंच बसा."

भाऊंनी बटण दाबलं. पत्रा दोन-तीनदा थडथडला आणि थांबला. ते पलंगावर बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग प्रतिभावहिनी कन्हल्या, मोठ्यानं, काही न दाबता, पहाट होईपर्यंत. समोरासमोरच्या घरांत आम्ही सगळे जागे होतो. त्या रात्री कुणी कानावर उशी ओढली नाही.