अमिनाखालांचा लट्ठा

बॅगेवर बसायची कल्पना माझीच. नासिर टेलरची ती नवीकोरी निळी बॅग काठोकाठ भरली होती आणि चेन अर्ध्यावर येऊन अडली होती. कुणाच्या अंगावरच्या शर्टाला टाचणी लावतानाही जो माणूस 'दुखलं का?' विचारतो, तो नासिर त्या चेनला दोन बोटांनी चुचकारत बसला होता. मी म्हटलं, "सरक, असं नाही होत ते," आणि मांडी घालून वर बसलो. चेन लागली. पण त्याआधी आतून 'कट्' असा आवाज आला, आणि बघता बघता बॅगेच्या कोपऱ्यातून लाल तेलाचा ओघळ निघाला.

बरणी गुंडाळणाराही मीच. नासिरच्या बायकोने, इरमने, कैरीचं लोणचं भरून दिलं होतं. वर्तमानपत्र पुरेना. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी एक पांढरं कापड दिसलं, जाड, स्वच्छ, छान घडी घातलेलं. टेलरचं घर, कापडाला काय तोटा, असं समजून मी बरणीला त्याचे चांगले वेढे दिले होते.

बॅग उघडली. निम्मं कापड लाल-पिवळं. इरमने तोंडावर ओढणी धरली. नासिर नुसता त्या कापडाकडे बघत राहिला. उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या त्याच्या आईनेच, अमिनाखालांनी, शेवटी मला काय झालं ते सांगितलं.

"मास्तर, ते मन्हं कफन शे."

मी असा ताडकन उठलो, जणू मघाशी बॅगेवर नाही, खुद्द खालांवरच बसलो होतो.

"बस, बस," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात अर्धी अहिराणी, अर्धी उर्दू. रागावायच्या उर्दूत आणि चेष्टा अहिराणीत. "आते वर गऊ तं फरिश्ते इचारतीन, बाई, हाई लोनचं कोनी सांडं? मी सांगसू, मन्हा शेजारना मास्तरनी." मग लसणाची एक पाकळी सोलून होईपर्यंत थांबल्या. "चाला, एक बरं व्हयनं. नवं कापड येत नही तव्हलग मी मरू नही सकत."

आम्ही हसलो. नासिर तेवढा हसला नाही.

खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत नवनीतशेठच्या भुसार दुकानाला लागून नासिरची खोली; पुढे दुकान, आत घर. एक पायमशीन, वडिलांची जड लोखंडी कात्री, आणि भिंतीवर कॉलरींच्या नमुन्यांचं एक चित्र, ज्यातली कॉलर आता कुणीच निवडत नाही. एके काळी जून उजाडला की या खोलीपुढे पोरांची रांग लागायची. शाळेची पोरं मी तोंडांनी ओळखायचो, नासिर पाठींनी. "सर, तो डावा खांदा उतरता असलेला यंदा आला नाही, शाळा सोडली का?" असं मला विचारायचा, आणि मी हजेरीत बघून सांगायचो की हो, सोडली.

मग गणवेश पाकिटातून यायला लागले. पाकिटात सगळ्यांचे खांदे सारखे. नासिरकडे उरली ती कामं अशी: चेन बदल, पँट आखूड कर, फॉल लाव. कोरं कापड त्याच्या हाताखालून जायचं ते एकाच कारणाने. आसपासच्या गावांतल्या मुसलमान घरांत कुणी गेलं की कफन फाडायला नासिर. आधी त्याचे वडील फाडत, आता तो. त्याचं तो काही घेत नसे. म्हणजे हिशेब असा झाला होता की नासिर टेलरच्या हातचा नवा कपडा गावात आता फक्त मेलेली माणसं घालत होती.

कफनाला शिलाई लागत नाही. कात्रीने काठाला एक चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायचं. मशीनची खडखड थांबून त्या खोलीतून 'टर्रर्र' असा लांब आवाज आला, की गल्लीतल्या बायका दारात येऊन विचारत, "कोण?" आणि त्या आवाजाच्या वेळी अमिनाखाला नेमाने दुकानात हजर. दुसरं टोक धरायला त्याच लागत. "सीधा फाड. गिऱ्हाईक तक्रार करनार नही म्हनीसन वाकडं चालई का?" खालांना वाकडं खपत नाही. वाकडी लावलेली चटई, वाकडी रांगोळी (तीही दुसऱ्याच्या दारातली), माझा भांग, सगळ्यांना त्यांनी सरळ केलंय. त्यांची थोरली बहीण दूरच्या गावी वारली, तिथे कुणी तिचं कफन वाकडं फाडलं होतं. त्याला कित्येक वर्षं झाली. खाला बहिणीची आठवण काढून रडतात, तेव्हा आधी त्या माणसाला चार शब्द ऐकवतात आणि मग रडतात.

अशात नासिरला झांबियाचं बोलावणं आलं. लुसाका नावाच्या गावात एका सुरती सेठचा शिलाईचा कारखाना आहे. काम शाळेच्या गणवेशांचं. "सर, तिकडे अजून मापाने शिवतात," हे सांगताना नासिरचे डोळे असे काही चमकले की त्याला जाऊ नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. करार तीन वर्षांचा. मध्ये सुट्टी नाही.

नासिर सुरतेच्या पलीकडे कधी गेला नव्हता. त्याला आता मुंबईहून एक विमान, मध्ये कुठल्याशा देशात उतरून दुसरं विमान, असं जायचं होतं. सगळी बाजारपेठ त्याच्या तयारीला लागली. नवनीतशेठ एकदा भाच्याच्या लग्नाला विमानाने दिल्लीला जाऊन आलेले, त्यामुळे या विषयातले ते अधिकारी. "कान बंद होतात. गूळ चघळायचा. आणि खिडकीशी बसलास तर खाली बघू नको, उगाच उतरावंसं वाटतं." कुणी सांगितलं, तासन् तास एका जागी बसावं लागतं, सवय कर. नासिरला! जन्मभर तो दुसरं काय करत आला होता? बॅग रोज संध्याकाळी नवनीतशेठच्या काट्यावर चढायची, एका बाजूला ज्वारीचं पोतं, एका बाजूला तुरीचं. शेठ आकडा वाचून मान हलवायचे आणि इरम एक चादर काढून दोन डबे घालायची.

खालांची तयारी वेगळीच चालली होती. नासिर जायचं ठरलं त्याच दिवशी त्यांनी पेटीतून कफनाच्या जाड कापडाचा लट्ठा काढला होता आणि सांगितलं होतं, "तू जावाना पहिले मन्हं फाडी दे. मंग ज्या देशमा जाशी त्या देशमा जाय." हाच तो लट्ठा, खाटेच्या पायथ्याशी ठेवलेला. रोज त्या तो तिथे ठेवायच्या आणि रोज नासिर त्याला वळसा घालून जायचा.

माझ्या बैठकीने तो लट्ठा निकालात निघाल्यावर नवा आणणं माझ्याकडेच आलं. नवापूरला जाऊन मी दुकानातला चांगल्यातला चांगला घेतला. खालांनी तो उजेडाकडे धरला, बोटांत चुरगाळला.

"इतला पातळ? मी काय उन्हाळामाच मरसू का?"

दुसऱ्यांदा गेलो. तो पसंत पडला. त्यांनी स्वतः धुतला, वाळवला, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि या वेळी थेट नासिरच्या मशीनवर नेऊन ठेवली.

"फाड."

नासिर म्हणाला, इस्त्री करतो आधी. मग म्हणाला, कात्रीला धार लावायचीय. मग हात दुखायला लागला. बावळटासारख्या सबबी, शाळेतली पोरं याहून बऱ्या सांगतात. शेवटी एका दुपारी खाला खाटेवर आडव्याच झाल्या. "माप ले."

"अम्मा, उभी रहा ना. उभ्याने घेतो."

"उभं राहीसन कोन जास?"

पाय जुळवले, हात बाजूला सरळ ठेवले, डोळे मिटले. मी दारात होतो, मला आत जाववेना की मागे फिरवेना. नासिरने टेप काढली. डोक्याशी एक टोक धरलं आणि टाचेपर्यंत आला. मग पुन्हा डोक्याकडे गेला, पुन्हा मोजलं. आणि टेप हातात तशीच धरून उभा राहिला. बराच वेळ काही हालचाल होईना, तशी खालांनी एक डोळा उघडला.

"काय व्हयनं? खरंच मरी गऊ का मी?"

"अम्मा, तू आखूड झालीस," नासिर म्हणाला. "ईदेचा कुर्ता शिवला तेव्हा एवढी आखूड नव्हतीस."

"बरं ना मंग," खालांनी डोळा परत मिटला. "कापड वाचनं."

नासिरने टेप गुंडाळायला घेतली. ती काही केल्या गुंडाळेना. मशीनवरची कात्री उचलून तो बाहेर पडला, तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "हे बघ, अजून ठणठणीत आहेत त्या. आणि वेळ आलीच, तर विमान आहे की."

"आमच्यात थांबत नाहीत, सर. सकाळी गेलं माणूस तर दुपारच्या नमाजानंतर माती," तो म्हणाला. कात्री उघडत होता, मिटत होता. "लोकांच्या आयांना मी खांदा दिलाय. गावातल्या प्रत्येकीचं कफन मी फाडलंय. आणि तिच्या वेळेला मी तिकडे कुणाच्या तरी पोराची चड्डी शिवत असेन. फोनवर सांगतील मला. तोपर्यंत झालेलं असेल सगळं."

मी चहा सांगितला. तो गार झाला.

निघायच्या सकाळी बॅग शेवटची भरताना मीही होतो, पण हात मागे बांधून; इरमने तशी अटच घातली होती. नासिरने सगळ्यात तळाला वडिलांची कात्री ठेवली. त्यावर कपडे. मग लोणच्याची नवी बरणी, आणि ती गुंडाळायला त्याने आतल्या खोलीतून ते जुनं, डागाळलेलं कापड आणलं. इरमने तीनदा धुतलं होतं, तरी हळदीचा पिवळा नकाशा त्यावर राहिलाच होता.

"ते कशाला?" इरम म्हणाली.

"असू दे," नासिर म्हणाला.

खालांनी त्याच्या हातातून ते कापड घेतलं, काठाला दाताने चीर दिली आणि एक पट्टी फाडून काढली. एकटीने, तरी अगदी सरळ. त्या पट्टीत एक नाणं बांधलं आणि पट्टी नासिरच्या दंडाला बांधली. प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात, इमाम-जामिन म्हणतात त्याला. सुखरूप पोचल्यावर ते नाणं दान करायचं. गाठीशी नेमका पिवळा डाग आला होता. मग त्यांनी नासिरची कॉलर नीट केली, मागे सरून बघितलं आणि पुन्हा नीट केली. ती आधीपासूनच सरळ होती.

"आते ते?" त्यांनी मशीनकडे बघितलं. मशीनवर नवा लट्ठा घडीचा तसाच होता.

नासिरने आईकडे बघितलं नाही. "आल्यावर, अम्मा."

"येवावर? तीन वरीसनंतर?" खालांचा आवाज चढला आणि त्या उर्दूवर गेल्या. "एक काम बोली थी तुझे। एक! सारे गाव के फाड़े, माँ का फाड़ने को हाथ दुखता है तेरा?"

नासिर वाकला. त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्याच हातांनी त्याला दाराकडे ढकललं. उंबऱ्यापर्यंत आल्या नाहीत. मशीनजवळच्या स्टुलावर, कफन फाडताना टोक धरायला बसत तिथेच, मांडीवर लट्ठा घेऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तरी मागून रडण्याचा आवाज आला नाही. त्या माणसाला चार शब्द ऐकवणं चालू होतं. या वेळी तो माणूस नासिर होता.

स्टेशनवर नवनीतशेठ गुळाचा खडा घेऊन हजर. इरम बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. सुरतेकडची गाडी लांबून दिसायला लागली तशी नासिर दंडावरची पट्टी चाचपू लागला. मला राहवेना. रोज सकाळी त्या स्टुलावर त्या बाईचं तोंड मला बघावं लागणार होतं.

गाडी थांबली. मी बॅग वर चढवली, अलगद, एखाद्या बाळासारखी. नासिर दारात उभा राहिला. त्याचे डोळे गळत होते आणि ते पुसायला त्याने हात उचलला नाही. एका हातात दांडी होती, दुसऱ्या हाताने पट्टी धरून ठेवली होती.

"नासिर," मी म्हटलं, "एवढी एकच गोष्ट मागितली रे तिने. फाडून दिलं असतंस, तर म्हातारीने निर्धास्त डोळे मिटले असते."

गाडी हलली.

"म्हणूनच नाही फाडलं," नासिर म्हणाला.