दूरचा कोपरा

आमच्या स्वयंपाकघरात तिखट-मिठाच्या मडक्यांच्या वर एक खुंटी होती आणि त्या खुंटीला बॉक्सिंगचे हातमोजे टांगलेले असत. यावलजवळच्या आमच्या केळीवाल्या गावात असली वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. शेजारणी विचारायच्या, यात काय भरून ठेवलंय? मी सांगायची, सांडगे. चुलीजवळ चामडं नको म्हणून सासूबाईंनी आदळआपट केली, पण मी ते हलवू दिले नाहीत. ते माझ्या धाकट्या दिरांचे होते, आणि त्यांची किंमत त्या घरात फक्त मला कळत होती.

मी धुळ्याच्या एका वस्तादाची मुलगी. तालमीत बायकांना मज्जाव, पण आमची मागची खिडकी थेट आखाड्यावर उघडायची. भाकरी थापता थापता मी जेवढ्या कुस्त्या पाहिल्या तेवढ्या भल्याभल्या पंचांनी पाहिल्या नसतील. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी लग्न होऊन मी या घरात आले. माझी अहिराणी, इथली बोली वेगळी. मी 'काय शे?' म्हटलं की हे भाऊजी 'काय शे, काय शे' करत अंगणभर फिरायचे. विशीचे, सडपातळ, सदा खिदळणारे. मला वाटलं, नुसता वात्रटपणा. मग एका रविवारी ते कडुलिंबाला टांगलेल्या सरकीच्या पोत्यावर ठोसे मारताना दिसले, आणि मी बघत राहिले. आत निखाऱ्यावर भरताची वांगी जळून कोळसा झाली.

भुसावळच्या लोको शेडमध्ये ते खलाशी होते, म्हणजे इंजिनं धुणारे-पुसणारे मदतनीस. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने त्यांना हेरलं. सगळे त्याला साहेब म्हणत. इंजिनाच्या आचेने भाजून निघालेला म्हातारा, पाय किंचित फेंगडे. ड्युटी संपली की तो रेल्वेच्या हॉलमध्ये भाऊजींना शिकवायचा, आणि रविवारी सायकल मारत घरी आले की भाऊजी ते सगळं अंगणात मला करून दाखवायचे. "वयनी, पाहा बरं." मी लाटणं हातात घेऊन सांगायची, उजवा पाय मागे रेंगाळतोय, खांदा आधीच बोलतोय. ते ऐकायचे. सासूबाई म्हणायच्या, याला आईचं ऐकू येत नाही, वहिनीचं बरं येतं. ते रविवार आठवले की आजही मला कळण्याची भाकरी आणि ओल्या चामड्याचा वास एकदम येतो.

एकदा भुसावळला रेल्वेच्या सामन्यांना मी हट्टाने गेले. फ्रॉक घातलेल्या मडमांमध्ये नऊवारीतली मी एकटीच. माझे वडील धुळ्याहून मुद्दाम आले होते. भाऊजींच्या समोर त्यांच्या दीडपट माणूस होता. त्याचा हात निघायच्या आधी भाऊजी तिथून सरकलेले असायचे. कुठे, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांनी जन्मभर मुलं घडवली, त्यांच्या तोंडून कुणाची स्तुती मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हाई शिकाडीसन येत नही." मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. आमच्या ह्यांनी पदर ओढून मला खाली बसवलं.

पुढे मुंबईहून एक माणूस आला. तिकडे धंदेवाईक बॉक्सिंग चालायचं. एक लढत जिंकली तर शेड सोडून कायमचं मुंबईला राहायचं, तिथेच शिकायचं, पुढे परदेशातही जायचं. भाऊजींना दुसरं काही सुचेना. झोपेतही त्यांचे खांदे हलत, असं सासूबाई सांगायच्या.

निघताना ते माझ्या पाया पडले, आणि मी वस्तादाची लेक असल्याचा माझा तोरा अंगावर चढला. वडील प्रत्येक चेल्याला सांगायचे तेच मी त्यांना सांगितलं, "माणूस पडना का कुस्ती सरनी. त्यानाकडे दखत उभं ऱ्हावानं नही. पहिले गुरूना पाय धराना." आमच्याकडे माणूस पडला की कुस्ती संपली; पडलेल्यावर नजर रोखून उभा राहणारा मल्ल माजोरी समजतात.

भाऊजींनी विचारलं, "वयनी, तिथीबी असंच चालते का?"

"रीत गावागणिक बदलते का?" मी फाडकन म्हणाले.

लढतीला साहेब आणि आमचे हे बरोबर गेले होते. परत आल्यावर ओट्यावर बसून ह्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्याच फेरीत भाऊजींच्या डाव्या हाताने तो माणूस आडवा झाला. खरं तर तेव्हाच सगळं जिंकलं होतं. पण त्या खेळात उभा असलेला लांबच्या कोपऱ्यात गेल्याशिवाय पंच आकडे मोजत नाही. भाऊजी लांबच्या कोपऱ्यात गेले नाहीत. ते आपल्या कोपऱ्याकडे वळले आणि दोरांमधून वाकून साहेबाचे पाय धरू लागले. साहेब हात झटकून ओरडत होता. लोक हसत होते. तेवढ्या वेळात पडलेला माणूस दम खाऊन उठला. पंचाने पुन्हा सुरू करायला सांगितलं. भाऊजी हसऱ्या तोंडाने, हात खाली सोडून मागे वळले, आणि ठोसा डाव्या कानावर बसला. दहा आकड्यांत ते उठले नाहीत.

महिन्याभराने साहेब स्वतः आमच्या गावी आला. अंगणातल्या खाटेवर बसून त्याने बशीतून चहा प्यायला. म्हणाला, कान बरा होईल, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावताहेत, मी शब्द टाकलाय. असा मुलगा मी आयुष्यात एकच पाहिला. भाऊजींनी दाराकडे पाहिलं. दाराआड मी होते.

मी बाहेर आले. इतकी संतापले होते, की कुणापुढे बोलतेय याचंही भान नव्हतं. "पाया पडणाऱ्या माणसाला मारतात, त्या खेळात आमचा माणूस जाणार नाही."

साहेब शांतपणे म्हणाला, "बाई, वो पाँव पड़ रहा था, खेल चालू था."

भाऊजी गेले नाहीत. पुढच्या वर्षी साहेब निवृत्त होऊन विलायतेला गेला. भाऊजींचा कान वाहत राहिला आणि मग त्या कानाने ऐकू येईनासं झालं. बहिऱ्या माणसाला इंजिनावर घेत नाहीत, म्हणून फायरमन होणंही राहिलं. ते शेडमध्ये इंजिनं धूत राहिले. लग्न झालं, मुलं झाली, 'काय शे' तेवढं सुटलं नाही. चूक आपली, हे मला फार लवकर कळलं होतं, पण जीभ रेटेना. जेवायला वाढताना त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून मी कितीदा तरी पुटपुटले असेन, माझं चुकलं. तो कान मी जाणूनबुजून निवडायची.

दहाएक वर्षांनी गावच्या जत्रेत कुस्त्या होत्या. एका पोराने दुसऱ्याला चीत केलं आणि तो पळत जाऊन वस्तादाच्या पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या भाऊजींनीही वाजवल्या. मला ते सहन झालं नाही. मी उठले, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "भाऊजी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्हाला तिथला नियम ठाऊक नव्हता, आणि मी..."

"ठाऊक व्हता, वयनी," ते म्हणाले. "सायबानं शंभर खेपा सांगेल व्हतं, माणूस पडला का दूरच्या कोपऱ्यात जाय. तो वरडत व्हता ते बी मले ऐकू येत व्हतं."

"मग?"

"सायबापेक्षा तुमचं पयले ऐकाचं व्हतं ना."

एवढं बोलून ते पुढची कुस्ती बघू लागले.