एकोणऐंशी पानांचा रंग

मालिनी जोगळेकर रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. १९९८ साली मालकांनी, यज्ञेशदादांनी, हापूसची वेबसाइट काढली तेव्हा पानं तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात बघून त्यांनी एकोणऐंशी पानं केली. प्रत्येक मथळा लाल, प्रत्येक पानाच्या माथ्यावर तोरण. रंग शब्दालाच चिकटवून लिहावा लागे आणि बदलायचा तर प्रत्येक पान पुन्हा उघडावं लागे. एवढा धीर ऑफिसात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. म्हणून पंख्याखालची खुर्ची त्यांची होती. हंगामात बाकीच्या बायका पॅकिंगच्या शेडमध्ये उभ्या असत.

स्टाइलशीट तेव्हाही होती. रंग, अक्षराचा आकार, मोकळी जागा हे सगळं वेगळ्या फाइलीत लिहायचं, पानात नुसता मजकूर ठेवायचा. पण एका ब्राउझरला ती कळे, दुसऱ्याला अर्धीच. हळूहळू ब्राउझर सुधारले. २००२ च्या पावसाळ्यात मालिनीताईंनी एकेका पानातून रंग आणि तोरण काढलं आणि एका फाइलीत नेऊन ठेवलं. अडीच महिने लागले. पानं होती तशीच दिसत राहिली, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात दादांचे वडील गेले. चौथ्या दिवशी दादा ऑफिसच्या दारातच उभे राहिले.

"मालिनीताई, ते लाल काढा. तोरणही. वर्षभर नको. तेराव्याच्या आत होईल?"

"बघते."

"आठवडा तरी लागेल. पत्रं गोदा टाइप करील."

ते गेल्यावर ताईंनी फाइल उघडली. लालच्या जागी करडा लिहिला, तोरणाची ओळ पुसली. एकोणऐंशी पानं मिनिटभरात सुतकात गेली. माणसांना इतकं लवकर जमत नाही.

ती फाइल त्यांनी साइटवर चढवली नाही. मिनिटभराच्या कामासाठी बाईला वर्षभर खुर्चीत कोण बसवील? सहा दिवस त्या एकेक पान उघडून बघत राहिल्या.

"किती झाली, ताई?" पत्रं टाइप करता करता गोदाने विचारलं.

"तीसेक."

"भातलावणीपेक्षा वाईट हो तुमचं काम."

सातव्या दिवशी त्यांनी फाइल चढवली. तेराव्याला दादांनी नातेवाइकांना पानं दाखवली. "एकेक पान हाताने बदललंय ताईंनी," ते म्हणाले. हे वाक्य वर्षभर ताईंच्या कानात राहिलं.

वर्षश्राद्ध झालं. दादा आले. "आता लाल परत आणू. आठवडा धरू?"

"बसा, दादा."

त्यांनी दोन ओळी बदलल्या. दादा एकामागून एक पानं उघडत गेले.

"सगळी?"

"सगळी."

"मग गेल्या वर्षी आठवडाभर काय केलंत?"

"बसले होते."

दादांनी चष्मा काढून पुसला. "वडील माझे गेले," ते म्हणाले, "आणि सुतक तुम्ही धरलंत."

पुढच्या हंगामापासून साइट दादांचा पुतण्या उन्मेष पुण्याहून बघू लागला. मालिनीताई शेडमध्ये पेट्यांवर छाप मारतात. बागेचं नाव कोरलेला पत्रा फळीवर धरायचा, लाल रंगात बुडवलेला बोळा फिरवायचा, पत्रा उचलायचा. एकदा एक छाप तिरका उठला. त्यांच्या लक्षात येईपर्यंत ट्रक नाचणे गावाच्या वळणापलीकडे गेला होता. त्या एका पेटीवर बागेचं नाव आता वाशीच्या बाजारापर्यंत तिरकंच जाणार होतं.