डोळ्यात थांबणारं औषध

माझी आत्या घाटंजीला ब्लाउज शिवते. मी यवतमाळला एम.फार्म. करत होते, तेव्हा तिचा उजवा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होती. ओठावर पुटकुळ्या आणणाऱ्या विषाणूची. दिवसातून पाच वेळा मलम लावायचं, एकही वेळ चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं.

रविवारी मी गेले, तर मलमाची ट्यूब जवळजवळ भरलेलीच.

“आत्या, लावत काहून नाही?”

“लावलं का अर्धा घंटा सगळं धुकट दिसते. सुईत दोरा जात नाही. मंग ब्लाउज कवा शिवू?” ती म्हणाली आणि लगेच तिनं मलाच विचारलं, “त्याच्या पह्यले थेंब टाकले होते, त्याचं घशात कडू लागे. डोयातलं औषध घशात कसं जाते?”

डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, तिथून अश्रू नाकात आणि पुढे घशात उतरतात आणि औषधही त्यांच्याबरोबर वाहून जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ती कडू चव मला कुणी सांगितली नव्हती. आत्यानं पंधरा दिवस मशीन बंद ठेवली. मी रोज पाच वेळा फोन करत राहिले. जखम भरली, एक फिकट डाग राहिला. डॉक्टर म्हणाले, हा आजार परत येऊ शकतो.

मी प्रबंधाला हाच विषय घेतला: डोळ्यातून लगेच वाहून न जाणारं आणि नजर धुकट न करणारं औषध. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान नावाचं पॉलिमर मिळतं, ते डोळ्याच्या ओलसर थराला चिकटतं. त्यात विषाणूवरचं औषध मिसळून, गरम हवेत फवारून मी भुकटी केली. ती थेंबांत कालवून डोळ्यात टाकली की तिच्या प्रत्येक कणातून औषध हळूहळू सुटावं, असा बेत होता. तपासायला बकऱ्याचे डोळे लागत. मटणवाल्या काकांकडे सकाळीच जावं लागे.

“बाई, डोयाची भाजी करता काय?” ते हसत विचारायचे.

दोन काचेच्या नळ्यांच्या मध्ये डोळ्याचा पारदर्शक पडदा बसवून त्यातून औषध किती पार जातं ते मोजतात, हे मी त्यांना चित्रच काढून दाखवलं. मग ते डोळे बर्फात ठेवू लागले.

भुकटीतलं औषध तासन्‌तास सुटत राहिलं. माझा आनंद गगनात मावेना. त्याच आठवड्यात आत्या तपासणीसाठी यवतमाळला आली, तशी तिला प्रयोगशाळेत नेलं. तिनं बाटलीतली चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. कापडाचा पोत ती याच बोटांनी ओळखते.

“हे डोयात टोचन नाही काय?”

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कित्येक कण एकमेकांना चिकटून त्यांची ढेकळं झाली होती. औषध किती वेळ टिकतं, एवढंच मी मोजत बसले होते. कणांचा आकार नीट पाहिलाच नव्हता. आत्यानंही डावा डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

“रवा दिसून राह्यला,” ती म्हणाली.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. “मग पुन्हा कर,” एवढंच म्हणाले. द्रावण पातळ केलं, फवारा बारीक केला. दोन महिने गेले. बारीक कणांतून औषध लवकर सुटत होतं, तरी साध्या थेंबांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ पुरत होतं. माझा प्रबंध तेवढ्यावर पूर्ण झाला.

“मंग मायाच डोयात टाक नं,” आत्या म्हणाली. अजून प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या, त्याला वर्षं लागतील, हे समजावताना मलाच वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तिचा डोळा पुन्हा लाल झाला. या वेळी ती त्याच दिवशी दवाखान्यात गेली आणि तेच जुनं मलम तिनं पाचही वेळा, घड्याळ लावून लावलं. डोळा लवकर बरा झाला.

माझ्या भुकटीवर आता दुसरी एक मुलगी काम करते. पुढची चाचणी सशांवर आहे. आत्याचा फोन आला की ती आधी त्या मुलीचीच चौकशी करते, “त्या पोरीचं कुठवर आलं? सशाचा डोया लाल तं नाही झाला?”